लाभ, दोन, तीन

जहरा. जानेवारीतला शुक्रवार.
सकाळचे साडेसहा, गाडीच्या काचेवर चक्क दव,
अंगात कंपनीचं जाकीट,
पाठीवर अरबीत लिहिलंय ‘भांडार विभाग’.
(हे बद्रियाबाईंनी वाचून दाखवलं.
सहा वर्षं मला वाटत होतं, ‘सुरक्षा प्रथम’.)

तळं म्हणजे शहराचंच सांडपाणी,
गाळून, निवळून सोडलेलं.
काठाला बोरू, झाऊची झुडपं,
पलीकडे हमरस्ता, विजेचे मनोरे,
आणि त्याच्या पलीकडे
उंटाच्या रंगाचं काहीच नाही.
पाखरांना कुणी सांगितलं नसावं.
किंवा सांगितलंही असेल,
त्यांना चालत असेल.

बद्रियाबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या.
आता तिपाईवर दुर्बीण, थर्मासमध्ये वेलचीचा कहवा
आणि कामाची वाटणी:
रोडेलकडे चिखल, म्हणजे तुतवार, चिखले, शेकाटे.
तो सगळं पायांवरून ओळखतो.
माझ्याकडे मोकळं पाणी. बदकं.
“तू गोदामातला. तुला गठ्ठ्यानं मोजता येतं.”

येतं.
आठवडाभर शुऐबात मी
बोल्ट मोजतो, व्हॉल्व्ह मोजतो, गास्केटच्या चळती.
पण बोल्ट बुडी मारत नाहीत.
टिबुकली मारते,
आणि बुडते तिथं वर येत नाही.
वर आली ती तीच, की तिची शेजारीण,
याला कागदावर जागा नाही.

माझे वडील साखरप्याच्या गिरणीत भात मापायचे.
पायली भरली, वरून हात फिरवला,
की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत.
म्हणत, लाभ.
मग दोन. मग तीन.
लहानपणी मला ती लबाडी वाटायची.
एक गेला कुठं?

आता दुर्बिणीत थापट्याचा पहिला नर येतो
आणि ओठ आपसूक म्हणतात, लाभ.
अंगठा बटण दाबतो.

थापटे एकशे चौऱ्याऐंशी.
चक्रांग झोपलेले, चोची पंखांत, नुसत्या उशा.
उशा दोनशे सहा.
तलवार बदकं अकरा,
त्यातलं एक पाण्यात उलटं, फक्त शेपूट दिसतंय.
धरलं.

पहिल्या वर्षी मी म्हणालो होतो,
बाई, हीसुद्धा आमच्यासारखीच की,
थंडीपुरती, इकाम्यावर…
बाईंनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.
“आधी मोज. उपमा नंतर.
उपमा सुचली की मोजणी चुकते.”
रोडेल हसला, आणि हसताना
त्याचा एक चिखल्या निसटला.
तेव्हापासून मी तोंड मिटून मोजतो.

कागदावर तीन रकाने आहेत:
कायमचे, हिवाळी, वाटेवरचे.
रोडेलचा करार एप्रिलात संपतोय,
पण मी ते बोलत नाहीये.
मी एवढंच म्हणतो की चिखलाकडे
पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघायला लागेल.

चारशे एकवर होतो,
तेव्हा बोरूवरून दलदली भोवत्या आला,
पाखडायला सूप उचलावं तसे पंख वर धरून.
त्यानं कुणाला मारलं नाही. नुसता गेला.
आणि तळं उठलं.
उशा उठल्या, शेपूट सुलटं झालं,
मांजरपाट फाडावा तसा आवाज,
एक थवा तारांच्या खालून, एक वरून,
माझे चारशे एक कुठले
आणि नवे कुठले.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.
कहवा ओतला. रोडेलनं नाक पुसलं.
मी यंत्राच्या कडेची कळ फिरवली,
चार शून्यं ओळीत येऊन थांबली.

मग ती हळूहळू उतरायला लागतात.
तिथंच नाही, जरा अलीकडे,
जणू मघाचीही जागा त्यांची नव्हतीच.
सगळ्यांत पुढचं पाण्याला लागतं,
पाय पुढे ताणून, खरडत,
पाण्यावर लांबलचक रेघ ओढून
थांबतं.

लाभ.