चौतीस अंश

पहाटे पाचला मुर्तझ चुलीवरून कॉफी उतरवतो
आणि बोलत नाही.
त्सिआलाच्या अंगणात आम्ही ओळीत उभे,
छातीवरची यंत्रं एकेक करून त्याच्यासमोर नेतो.
टिक. टिक. टिक.
सहा माणसं, सहा टिकटिकी.
क्विरिनची बॅटरी अठ्ठेचाळीस टक्के.
बदल, म्हणतो मुर्तझ.
पुरेल की, म्हणतो क्विरिन.
बदल.

मी शेवटची. माझं काम पाठी मोजायचं.
लाल, निळी, मोहरीच्या रंगाची, पुन्हा निळी,
आणि सगळ्यांत पुढे मुर्तझचं ठिगळाचं जॅकेट.

रात्रभर वारा पश्चिमेचा होता.
गावाचे दगडी बुरूज एका अंगाने पांढरे, एका अंगाने काळे;
वाऱ्याने बर्फ कुठून उचलला, कुठे नेऊन ओतला,
हे कळायला एवढं पुरतं.
ओतला होता उगवतीच्या उतारावर.
आम्ही निघालो होतो तिथेच.

खड्डा मी खणला, छातीइतका.
वर दोन वीत घट्ट थर, पाटीसारखा.
खाली रवा.
कोरडा, जाड, बोटांतून गळणारा रवा,
जानेवारीतल्या त्या लख्ख आठवड्यात मुरलेला,
ज्या आठवड्याचे फोटो सगळ्यांनी घरी पाठवले.
फावडं ठेवून वरून थापा मारल्या.
मनगटातून दहा. काही नाही.
कोपरातून तिसऱ्या थापेला
वरचा ठोकळा अख्खाच्या अख्खा
माझ्या मांडीवर येऊन बसला,
कपाटाचा खण ओढावा तसा.

मुर्तझने काठी टेकवून कोन मोजला. चौतीस अंश.
मग हात मागे वळवला. एवढंच.

निळा म्हणाला, आम्ही पैसे मोजलेत.
क्विरिन बोर्ड अडकवून केव्हाचा काठावर बसलेला,
मोहरीची पाठ माझ्याकडे.
खाली चारशे मीटर, एक रेघ नाही.
मी एकटा जातो, तुम्ही बघा, म्हणाला.
मी म्हटलं, बघू.
ज़्वावी सुटली तर आमच्या हातात पंधरा मिनिटं.
पाच तुझी टिकटिक शोधण्यात,
दोन सळई खुपसण्यात,
उरलेली खणण्यात.
पळताना तो पीठ असतो, थांबला की सिमेंट.
माझं फावडं एवढं.
त्याने फावड्याकडे पाहिलं.
माझ्या हातांकडेही.

मग भूर्जांतून उतरलो.
फांद्या तोंडावर, वळणं आखूड, मजा शून्य.
क्विरिन दोनदा झाडाखालच्या खळग्यात रुतला
आणि दोनदा त्याने मला मदत करू दिली नाही.

एक वाजता पुलावरून वर पाहिलं तर
उतारावर तीन रेघा.
कुणी दुसरेच. तिघं.
सुरेख काढलेल्या, एकीला एक न छेदणाऱ्या.
त्यांचं हसणं नदीपर्यंत ऐकू आलं.

उतार सुटला नाही.
त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही,
शुक्रवारी ऊन तापलं तेव्हाही नाही.
पुढे एप्रिलात तो निमूट पाणी झाला
आणि याच पुलाखालून गेला.

त्या रात्री जेवताना क्विरिनने विचारलंच:
म्हणजे चुकलात ना तुम्ही?
मुर्तझने कुबदारी फाडली, आतली वाफ जाऊ दिली.
माहीत नाही, म्हणाला.
त्या तिघांना विचार.
त्यांनाही माहीत नाही.

त्सिआला काहीच विचारत नाही.
ताटं मांडताना मोजते, उचलताना मोजते,
आणि मीठ कमी पडलं का म्हणते.

मी यंत्रं बंद करत गेले. एक, दोन, तीन.
पाच झाली.
सहावं कुठूनसं टिकटिकत होतं.
क्विरिन बाकावरच झोपला होता,
पट्टा न सोडता, तोंड उघडं टाकून.
वाकून बटण दाबलं.
बॅटरी: एक्याण्णव.