बाकी

आरोंद्याच्या जेटीपासून तिसरं दुकान आमचं.
वही मी लिहायचे, माझं अक्षर बरं म्हणून.
बाबा तागडी धरायचे आणि बोलायचे नाहीत.

ती मुलं तिन्हीसांजेला यायची, पुढच्या दारानं नव्हे,
माडांच्या आळ्यांतून, चपला हातात घेऊन.
रॉकेल, गूळ, विड्यांची बंडलं,
एकदा सुई. एकदा आरसा, तळहाताएवढा,
त्यावरून त्यांच्यातच भांडण झालं.
नावं विचारायची नाहीत असं ठरलेलं,
मग मीच ठेवली: कुडाळचा मावसा, आजीचा जावई,
खोकणारा,
आणि एक कारवारचा भाचा, नेहमी पावली कमी देणारा.
लिहून ठेव, म्हणायचा, गोवा सुटला की देतो.
बाबा हसले नाहीत. मी लिहिलं.

खाडीपलीकडे किरणपाणी.
इथला कोंबडा तिथल्यांना उठवायचा.
नाकं बंद झालं, होड्या उपड्या पडल्या,
तरी ओहोटी बघून बायका मुळे काढायला उतरायच्याच,
अर्ध्या तिकडच्या, अर्ध्या इकडच्या, कंबरभर पाण्यात,
शिपायाची बंदूक कुठे वळलीय ते बघून वाकायच्या.
बांगडा स्वस्त होता त्या साली.
माझ्या मावशीचं लग्न पलीकडे ठरलेलं, ते राहिलंच;
हळदीचा पुडा फडताळात, किडे होईपर्यंत.

मिठाच्या पिंपामागे चार दिवस जिलेटिन होतं.
त्याच पिंपातलं मीठ मी गावाला मोजून दिलं.
आईला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही,
राखेनं माझी बोटं घासत बसली,
एकेक.

पलीकडचं नाकं उडालं त्या रात्री
दुकानातल्या बरण्या हलल्या. पेपरमिंटची फुटली.
सकाळी पोरं काचांतून गोळ्या वेचत होती.
खोकणारा परत आला. जावई आला, एका कानानं बहिरा.
भाचा नाही.
त्याच्या पानावर मग मी काही लिहिलं नाही,
रेघही मारली नाही.

सहा वर्षांनी, मार्गशीर्षात, पहिली होडी मोकळी सुटली.
तिच्यातून एक बाई उतरली, गुडघ्यापर्यंत ओली,
विचारत विचारत दुकानाशी आली.
"माज्या झिलाचा काय देणा रवला हा तुमच्याकडे?"
नाव सांगितलं, शाणू.
आमच्या वहीत शाणू नव्हता.
हसताना एक डोळा मिटायचा, ती म्हणाली. बाबांनी मान हलवली.
मग जरा थांबून: पुरे पैसे कधी देईना तो कुणाला.

पान निघालं.
साडेतीन रुपये, दोन आणे.
आणे इकडे कधीच बंद झालेले.
तिनं पदराची गाठ सोडली, तर सगळे एश्कुद,
त्या आठवड्यात ते चालतील की नाही
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
बाबांनी तागडी खाली ठेवली. नाणी मोजली, दोनदा.
एक परत दिलं. म्हणाले, जास्त झालं.
मी रेघ मारली. दौतीत टाक जरा खोल गेला होता.

त्याच पानाच्या पाठीवर मिंगेल आहे.
मिंगेल शिपाई, त्या नाक्यावरचा. बंदी येण्याआधी
दर आयतवारी होडीनं यायचा,
लेकीसाठी बिस्किटं, स्वतःला तपकीर,
आणि बाबांना एकटाच हसवायचा.
सव्वा रुपया.
त्या रात्री नाक्यावर त्याची पाळी होती.
त्याच्या घरून कुणी विचारत आलं नाही,
आलं असतं तर कोणत्या तोंडानं मी वही उघडली असती
ते मला अजून सुचलेलं नाही.

शाई मागे उतरली आहे.
शाणूची रेघ मिंगेलच्या बिस्किटांवरून जाते,
फिकट, खोडल्यासारखी दिसते,
पण आकडा वाचता येतो.