एसीचं पाणी

चेंबूरला आमच्या बिल्डिंगखाली
गेनू परटाची टपरी. रात्री झोपतोही तिथंच.
चौथ्या मजल्याच्या एसीची नळी
ठिबकायची नेमकी उशाजवळच्या पत्र्यावर.

तक्रार नाही केली.
ऑइलपेंटचा रिकामा डबा लावला खाली.

सकाळी डबा अर्धा.
"टँकरच्या पाण्यानं डाग उठतात,
ह्याच्यानं नाही," म्हणाला.
उरलंसुरलं अळूला.
परवा मलाही दिली दोन पानं, वडीपुरती.

काल केळुसकर आले, चौथ्या मजल्यावरचे.
गेनूनं ओंजळभर शिंपडलं, इस्त्री फिरवली,
वाफ उठली.
"वा! अगदी कोरा करकरीत!"

आपल्याच खोलीतली,
आपल्याच श्वासांची ओल
अंगात चढवून
केळुसकर वर गेले.
एसी लावला.

खाली
टप्.
गेनू कूस बदलून झोपला.