अर्धी गिरकी

नेस्तानने बटण दाबलं.
पंख्यानं अर्धी गिरकी घेतली
आणि बसला.
पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धीच.

दोन उन्हाळे हेझलनट वेचून जमवलेले लारी
त्या काळ्या पेटीत.
"बोंडोकाका, मीच काहीतरी उलटं जोडलं असणार."

कुताइसीत चाळीस वर्षं टीव्ही उघडलेत मी.
आधी वायर बघतो, मग माणसाचं तोंड.
मेमरी काढली, कार्ड काढलं, सप्लाय एकटा पाडला,
पेपरक्लिप वाकवून
हिरव्या तारेतून काळीत खुपसली.
तर पंखा गरगरला की, निर्लज्ज,
जणू काही घडलंच नव्हतं.

पोरीचा चेहरा आणखी उतरला.

थांब, म्हटलं. रिकाम्या हातानं कुणीही पळतं.
मोटारीचा जुना बल्ब त्याच्या गळ्यात बांधला,
मीटर टेकवला:
बारा. अकरा. नऊ...
बल्ब लालसर झाला, विझला.
थोडा जळका वास.

"म्हणजे मी नाही?"
"तू नाहीस. हा आलाच होता असा."

हसेल वाटलं होतं.
ती मात्र सुटे स्क्रू बशीत मोजत बसली.
सतरा.
एक कमी आहे, म्हणाली,
आणि टेबलाखाली शिरली.