आदरार्थी बहुवचन

फळ्यावर मार्चची तारीख होती
आणि खाली माझ्याच अक्षरात: आदरार्थी बहुवचन.
मोठ्यांना तुम्ही म्हणावे. अहो म्हणावे.
कोणी काम करून दिले तर आभार मानावेत.
सातवीने वहीत उतरवलं,
एलिया तायडेने तर लाल पेनाने अधोरेखितही केलं.
त्याचे वडील मंडळीचे खजिनदार,
त्याला नियम आवडतात.

तेवढ्यात खंडारे सर आले, परतवाड्याहून,
स्कूटरवर, कानापर्यंत धूळ,
रुमालाने मान पुसत.
आम्ही सगळे नियमाप्रमाणे उभे राहिलो,
'नमस्ते सर', एका सुरात, लांबवून.
जागचं कोणी हललं नाही.

शेवटच्या बाकावरून सुकलाल कासदेकर निघाला,
जूनमध्ये मेळघाट उतरून वसतिगृहात आलेला,
खिशाला अजून मोहाचा वास.
माठाशी गेला. पेला आधी विसळला.
मग भरला, काठाच्या बोटभर खाली,
आणि दोन्ही हातांनी पुढे धरून म्हणाला,
"सर, तू पानी पी."

वर्ग फुटला.
एलियाचं हसू सगळ्यांच्या आधी,
आणि माझंही.
हे लिहून ठेवते, कारण गाळता आलं असतं.
मग म्हटलं, "तू नाही रे. तुम्ही. तुम्ही पाणी प्या."
तो म्हणाला, "तुम्ही पाणी प्या."
पेला आता एकाच हातात,
दुसऱ्या हाताचं काय करावं त्याला कळेना.
सर सगळं पाणी प्यायले.
मला काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

मधल्या सुटीत व्हरांड्यातून
तोच लाल पेनवाला आवाज:
"ए दौलत्या, बॉल दे ना बे!"
दौलत इंगळे. साठीला टेकलेले.
घंटा देतात, म्हणजे चिंचेला टांगलेल्या
रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारतात.
गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
बॉल उचलला, सदऱ्याला पुसला, फेकला.
पुसला. मी पाहिलं.
आणि मी? अकरा वर्षं:
दौलत, खडू आण. दौलत, टेबल सरकव.

लेंटचे दिवस. संध्याकाळी वसतिगृहात प्रार्थना,
वीज गेलेली, डास, मिटलेले डोळे,
आणि पोरं देवाला म्हणत होती तू, तुझं, तुला.
आमेन झाल्यावर सुकलालने हात वर केला.
"बाई, देवाले तू म्हंता?"
"हो."
"मंग तो मोठा नाही का?"
या वेळी कोणी हसलं नाही.
मी म्हटलं, तो आपला जवळचा आहे म्हणून.
उत्तर बरोबर होतं,
तोंडात मात्र खडूसारखं कोरडं.
तो जरा थांबून म्हणाला,
"सर बी जवळच उभे होते. माठापाशी."

सकाळी मी म्हटलं, "दौलतभाऊ, तुम्ही जरा खडू द्याल का?"
त्यांनी मागे वळून पाहिलं,
मागे कोण आलंय ते.
मागे चिंच होती.

बाकी फार काही घडलं नाही.
पोरं अजूनही 'बे' म्हणतात, वऱ्हाडात ते जायचं नाही,
आणि जाऊही नये, त्यात माया असते कधीकधी.
सुकलाल दोन्ही हात वापरतो,
मी त्याचं सर्वनाम दुरुस्त करत नाही.
मागच्या शुक्रवारी एलिया चिंचेखाली उभा दिसला,
एका पायावर, मग दुसऱ्या.
"आज घंटा... मी देऊ का?"
तू नाही, तुम्ही नाही, काकाही नाही.
कर्ता गिळलेलं वाक्य.
इंगळ्यांनी हातोडी पुढे केली,
दांडा त्याच्याकडे, लोखंड आपल्याकडे.

घंटा दोन मिनिटं उशिरा झाली.
खंडारे सरांनी घड्याळ पाहिलं
आणि बाही खाली ओढली.