मीठ कमी

साडेचारला उठायचो मी.
डिसेंबरातल्या नाशकात साडेचारला
फरशीवर गुडघे टेकणं म्हणजे काय
हे ज्याचं त्यानं टेकून पाहावं.
पुढ्यात निळ्या पुठ्ठ्याची वही,
वहीत नावं.
काशीबाई गावित, सुरगाणा, पोटात गाठ.
हरसूलचा पोरगा, नाव ठाऊक नाही, झाडावरून पडला.
ओहोळांची धाकटी सून, दुसरंही गेलं.
एकेक नाव मी प्रभूपुढे ठेवायचो,
नोकरीत टपाल लावायचो तसं,
पिनकोड पाहून, ज्याच्या त्याच्या खणात.

माझं आमेन आणि कुकरची शिट्टी
नेमकी एकदम व्हायची.
अगं, दहा मिनिटं थांबता येत नाही?
एस्तेर आतून म्हणायची, तांदळाला विचारा.

सहाला ती निघायची पेजेचा डबा घेऊन,
शरणपूर रोडनं चालत, सिव्हिलपर्यंत.
डोळे मिटून शांत बसलेली
मी तिला उपासनेतही पाहिली नाही.
पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला
की पदराखाली तिची बोटं
उद्याच्या डाळीचा हिशेब करायची.
मला काळजी वाटे तिची.
तिच्यासाठीही वहीत एक ओळ होती:
एस्तेर. हिला बसायला शिकव.

नाताळच्या आठवड्यात ती मोरीत घसरली.
मांडीचं हाड. सहा आठवडे खाट.
प्रार्थना ऐकली गेली, असं क्षणभर मनात आलं
आणि ते मनात आलेलं
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डबा मग मी नेला.
खाट नंबर अकरा.
सतरा दिवस मी हे नाव उच्चारलं होतं,
ही बाई एवढीशी असेल असं वाटलं नव्हतं.
बाई नाही आली? तिनं विचारलं.
मी वाटी पुढे केली.
एक घोट घेऊन तिनं तोंड फिरवलं.
मीठ, ती म्हणाली. बाईला ठाऊक आहे.

मला ठाऊक नव्हतं.
तीस वर्षं आर.एम.एस.मध्ये टपाल लावलं मी,
वाटलं एकदाही नाही.
उंबऱ्यावर उभं राहून
कुणाच्या हातात पत्र देताना
आपल्या हाताचं काय होतं
ते पोस्टमन जाणोत.

रात्री तिनं वही मागितली.
सकाळी उशाशी होती, पेन्सिल आत ठेवून.
काशीबाई गावित: मीठ कमी, लिंबू चालतं.
हरसूलचा पोरगा: त्याला सोमा म्हणतात.
आई खाटेखाली झोपते, गोधडी न्या.
ओहोळांची सून: पेज नको.
नुसतं बसा.
आणि ‘हिला बसायला शिकव’पुढे
काही लिहिलेलं नव्हतं,
फक्त बरोबरची खूण.
मास्तरीण करते तशी, ठसठशीत.

आता साडेचारला मी ओट्याशी असतो,
डोळे उघडे, कारण पेज उतू जाते.
आतून तिचा आवाज येतो, नावं घेत असते,
हरसूलचं सुरगाण्यात, सुरगाण्याचं पेठेत,
सगळे खण चुकवत.
मी दुरुस्त करायला तोंड उघडतो
आणि मिटतो.
मिठाच्या बरणीत हात थांबलेला असतो,
काशीबाई आठवून.
हे थांबणं कुठल्या खणात लावायचं
ते अजून ठरत नाही.