डबा उघडायचा की नाही

मार्वेच्या धक्क्यावरून होडी सुटली तेव्हाच
अकरा फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले,
झाकणावर घोडागाडीचं चित्र, पोपडे निघालेलं.
डबा माझ्या मांडीवर.
तीस वर्षं बेस्टची तिकिटं फाडली,
इतकं वजन चामड्याच्या पिशवीलाही नव्हतं.

आम्ही क्वेकर. एकमेकांना मित्र म्हणतो.
मुंबईभरातले सगळे गोळा केले
तर डबलडेकरच्या वरच्या मजल्यात मावतील.
पाळक नाही, वेदी नाही, पेटी-तबला नाही.
गोल बसायचं. गप्प राहायचं.
आतून कोणी उठवलं, तर उठून बोलायचं.
शेजारी विचारतात, मग देवाचं नेमकं करता काय?
अजून नीट उत्तर जमलेलं नाही.

मनोरीचं घर फिलोमिनाबाईंच्या भावाचं.
कुंपणाबाहेर बांबूवर सुकणारे बोंबील,
आत फरशीवर अकरा चटया,
तेरा ते सोळा वयाची मुलं,
कोणाचा आवाज फुटतोय, कोणाच्या दातांना तारा.
पहिल्या दहा मिनिटांच्या शांततेत
नोहाचं पोट वाजलं
आणि हसू गोलभर फिरून आलं
सुट्ट्या पैशांसारखं.

शनिवारी संध्याकाळी प्रश्न निघाला:
फायनल आहे. एकच फोन. अर्धाच तास.
आमच्यात मतदान नसतं.
सोसायटीच्या मीटिंगसारखं
दहा विरुद्ध एक, चला, मंजूर, असं नाही.
एकजण अडला तर सगळे थांबतात.

केझिया शेलार, पंधरा वर्षांची, लेखनिक.
वही मांडीवर, पेनचं टोपण दातांत.
"सगळ्यांना चालेल?"
माना हलल्या.
अनुग्रह म्हणाला, "नको."
"का?"
"नको म्हणजे नको."

मग बसलो.
फिलोमिनाबाई दोनदा दारात येऊन गेल्या.
वरणावर साय जमली.
ओजस समोरच्या भिंतीकडे असा बघत होता
जणू तिथे स्कोअर उमटेल.
माझ्या जिभेवर आलं होतं,
पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे.
गिळलं.

बाहेर, गावाच्या बाजूला, फटाके वाजले.
कोणीतरी जिंकलं होतं.

फटाके थांबल्यावर अनुग्रह उभा राहिला.
उभा राहूनही फार उंच नाही तो.
"सोमवारी कोर्टात जायचंय.
कोणाकडे राहणार ते मी सांगायचंय.
मम्मीचे मेसेज असतील, पप्पांचेही.
डबा उघडला की ते सगळे बाहेर येतील.
इथे कालपासून मला कोणी विचारलं नव्हतं."
आणि बसला.
बसताना चटईची कड सरळ केली.

कोणी काही म्हटलं नाही.
तसा नियमच आहे, कोणी बोललं
की लगेच त्यावर बोलायचं नाही,
पण हे नियमाचं गप्प बसणं नव्हतं.
नाणं खोटं की खरं
गर्दीत, नुसत्या आवाजावरून
ओळखत आलोय मी, तेवढं कळतं.

केझियाने नोंद लिहिली, वाचून दाखवली:
"एकमत झालं नाही. डबा बंद राहिला.
सामना कोण जिंकलं आम्हाला माहीत नाही."
नोहा म्हणाला, "'झालं नाही'मधलं 'नाही' खोड."
तिने एकेकाकडे पाहिलं. अनुग्रहकडे शेवटी.
खोडलं.
मग गार वरणभात, तळलेले बोंबील,
आणि नोहाने चौथ्यांदा घेतला भात.

रविवारी परतताना होडीत डबा उघडला.
फोन आपापल्या मालकांकडे गेले, किणकिणले, थरथरले.
तळाशी एक उरला, मागची काच तडकलेला.
अनुग्रहने मान हलवली, धक्क्यापर्यंत ठेवा.
ओजसने आपला घेतला, पण चालू केला नाही,
खिशात टाकून पाण्याकडे बघत बसला.
होडीवाल्याने निकाल सांगितला, ओरडून,
तो इंजिनात विरला,
परत कोणी विचारला नाही.

मी झाकण लावलं.
एकाच फोनचा डबा फार वाजतो,
म्हणून वर हात ठेवून बसलो.